नवीन आणलेला खाऱ्या पाण्यातला मासा आजारी आहे, हे दुकानातच ओळखता येतं का?

खारट_कोथरूडकर | गुरुवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. चार फुटी टँक आहे, साधारण ३०० लिटर, नऊ महिने झाले सुरू करून. दोन क्लाउन आणि तीन ग्रीन क्रोमिस हे मासे, एक क्लीनर श्रिंप (कोळंबी) आणि बरेचसे लाइव्ह रॉक (जिवंत सूक्ष्मजीव असलेले दगड). आत्तापर्यंत सगळं सुखात होतं.

रविवारी पावडर ब्लू टँग हा निळा मासा आणला. (इथे काही जण कपाळाला हात लावणार, ठाऊक आहे. आधी पूर्ण वाचा.) पुण्यातल्याच एका दुकानातून घेतला. मुंबईहून शुक्रवारी आला होता असं तिथे सांगितलं. रंग लखलखीत, दुकानदाराने नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) टाकली तर ओरबाडून खाल्ली, म्हणून मोहात पडलो. घरी आल्यावर पिशवी पाण्यात तरंगत ठेवली, दीड तास थेंब थेंब पाणी सोडलं आणि थेट मोठ्या टँकमध्ये सोडला. क्वारंटाइन केलं नाही. जागा नाही हे कारण, आळस हे खरं कारण.

आज सकाळी त्याच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले. परांवर जास्त, पोटाकडे कमी. मधूनच दगडाला अंग घासतो. खातोय मात्र. त्यात आज गुरुवार, दुपारी चार तास वीज नव्हती, तेव्हा पंप बंद होते.

आता काय करू हे तर सांगाच, पण मला खरं विचारायचंय ते वेगळंच. दुकानात मी नेमकं काय बघायला हवं होतं?

---

बोंबील_प्रेमी | रात्री १०:०२

ठिपके? रव्यात घोळवून तव्यावर टाका, कुणाला दिसणार नाहीत.

हलके घ्या.

---

नीलमासोळी | रात्री १०:१५

बोंबील_प्रेमींनी विनोदात कामाचा शब्द दिलाय. ठिपके रव्यासारखे आहेत की पिठीसाखरेसारखे? म्हणजे एकेक दाणा सुटा, मोजता येईल असा दिसतो, की अंगावर बारीक भुकटी शिंपडल्यासारखं दिसतं?

रवा असेल तर बहुतेक मरीन इच. पिठीसाखर असेल, आणि बाजूने टॉर्च मारल्यावर ती सोनेरी-राखाडी दिसत असेल, तर व्हेलवेट. दोन्ही परजीवीच, पण इच तुम्हाला विचार करायला वेळ देतो. व्हेलवेट देत नाही.

आणखी एक करा. टँकसमोर शांत बसा, मोबाइलवर एक मिनिट लावा आणि कल्ले किती वेळा उघडझाप करतात ते मोजा. प्रत्येक माशाचे वेगळे मोजा. नुसतं "जोरात श्वास घेतोय" लिहू नका, आकडा द्या.

---

खारट_कोथरूडकर | रात्री १०:४०

रवा. नक्की रवा. टँगवर डाव्या बाजूला १९ दाणे मोजले. टँगचे कल्ले मिनिटाला ९० च्या आसपास, क्लाउनचे ७५–८०. क्रोमिस एका जागी थांबतच नाहीत, मोजता आले नाहीत.

---

शेवाळराव | रात्री ११:०५

घाबरू नका. माझ्याकडे दोन वर्षांपूर्वी हेच झालं होतं. लसणाचा रस खाण्याला लावून दिला, यूव्ही दिवा चालू केला, आठ दिवसांत ठिपके गायब. औषधाचा एक थेंबही नाही. मासा आनंदी, टँक स्वच्छ. चांगलं खाऊ घाला, पाणी चांगलं ठेवा, त्याची प्रतिकारशक्ती त्याचं काम करेल.

---

पाण्यातला_म्हातारा | रात्री ११:३०

शेवाळराव, तुमचा मासा वाचला याचा आनंद आहे. पण ठिपके जाणं आणि रोग जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इच सगळ्यांना इथेच फसवतो.

जो दाणा आपल्याला दिसतो तो परजीवी कातडीखाली बसून तीन ते सात दिवस खातो. पोट भरलं की स्वतःच गळून पडतो. तुम्ही लसूण द्या, खोबरं द्या, नाहीतर आरती करा, तो त्याच्या वेळेलाच पडणार. मग वाळूत किंवा दगडावर चिकटून कवच करतो आणि आत त्याची विभागणी सुरू होते. त्यातून पिल्लं कधी तीन दिवसांत बाहेर येतात, कधी महिन्याने, आणि सर्वांत उशिरा ७२ दिवसांनी आल्याचीही नोंद आहे. बाहेर आल्यावर एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात. मिळाला की पुन्हा ठिपके, आणि या वेळी दुपटीने.

म्हणून आठव्या दिवशी लोक "बरा झाला" लिहितात आणि विसाव्या दिवशी नवीन धागा काढतात. इथले जुने धागे चाळा, तारखा जुळवून बघा.

यूव्हीने पाण्यातली पिल्लं काही प्रमाणात कमी होतात. दगडावरच्या कवचाला तो काही करत नाही.

---

गप्पिष्ट_गप्पी | रात्री ११:४२

मी गोड्या पाण्यावाला. आमच्याकडे इच झाला की तापमान ३० ला नेतो आणि खडेमीठ टाकतो. तुमच्याकडे मीठ आधीच आहे म्हणजे अर्धं औषध फुकट. :)

---

नीलमासोळी | रात्री ११:५१

@गप्पिष्ट_गप्पी, नाव सारखं असलं तरी जीव वेगळा. तुमचा इक्थिओफ्थिरियस, आमचा क्रिप्टोकॅरिऑन. तापमान वाढवून आमचा मरत नाही, उलट पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो आणि ज्याचे कल्ले आधीच खराब झालेत त्याची पंचाईत होते.

मीठ मात्र उलट्या बाजूने कामी येतं. खारेपणा (पाण्याच्या सापेक्ष घनतेवरून मोजतात तो) १.०२५ वरून १.००९ पर्यंत हळूहळू उतरवला आणि तिथेच काही आठवडे अचूक धरून ठेवला तर इच टिकत नाही. यासाठी रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारेपणा मोजायचं यंत्र, ३५ पीपीटीच्या द्रावणाने लावून घेतलेला हवा, साध्या पाण्याने नव्हे. १.०११ झालं तर मेहनत वाया. मोठ्या टँकमध्ये तर हे करायचंच नाही, श्रिंप आणि दगडावरचं सगळं मरेल. आणि व्हेलवेटला याने काहीही फरक पडत नाही, हे लक्षात ठेवा.

---

सदाशिव_पेठी | शुक्रवार, सकाळी ७:१०

चार फुटात पावडर ब्लू? यावर कुणी बोलणार की नाही?

---

पाण्यातला_म्हातारा | सकाळी ७:३५

मी बोलणार होतो, पण घरात आजारी माणूस असताना घराच्या चौरस फुटांवर बोलू नये. ते नंतर.

---

वाकडचा_वेव्हमेकर | सकाळी ८:२०

पावडर ब्लूला आमच्यात इचचा लोहचुंबक म्हणतात. चिकट थर पातळ, स्वभाव भित्रा-भांडखोर. हिंदी महासागरातला आहे म्हणून आपल्याकडे सहज मिळतो, म्हणून प्रत्येक जण एकदा घेतो. मी दोनदा घेतला. आता माझ्याकडे एकही नाही, यावरून काय ते समजा.

---

खारट_कोथरूडकर | संध्याकाळी ५:१५

ताजी बातमी. टँगवरचे दाणे निम्मे झालेत. पण दुपारी एक क्रोमिस तळाला मेलेला सापडला. अंगावर एकही ठिपका नाही. आणि मोठा क्लाउन सकाळपासून वेव्हमेकरच्या (प्रवाह करणाऱ्या पंपाच्या) समोर, थेट प्रवाहात तोंड करून उभा आहे. नेहमी तो उजव्या कोपऱ्यात असतो. गोठवलेलं मायसिस (बारीक कोळंबीसारखं खाद्य) टाकलं, तोंडात घेतलं आणि थुंकलं. कल्ले १३४.

मला वाटतं कालच्या वीज जाण्याचा परिणाम असावा?

---

नीलमासोळी | संध्याकाळी ५:२२

नाही. वीज आल्यावर तासाभरात मासे सावरायला हवे होते. खोलीतला दिवा बंद करा, टॉर्च क्लाउनच्या बाजूने, अंगाला समांतर धरा. समोरून नको. काय दिसतं ते लगेच लिहा.

---

खारट_कोथरूडकर | संध्याकाळी ५:३१

भुकटी. पाठीवर आणि डोळ्यामागे. काळ्या पट्ट्यावर स्पष्ट दिसते, केशरी भागावर कळतच नाही. हळदीची बोटं पुसावीत तसं. टँगवर रवा आहेच, पण त्यामागे हीसुद्धा आहे असं आता वाटतंय.

---

नीलमासोळी | संध्याकाळी ५:३८

व्हेलवेट. कालच्या माझ्या प्रश्नात चूक होती, मी रवा की पिठीसाखर असं विचारलं. दोन्ही असू शकतात.

खाणं सोडणं, प्रवाहात उभं राहणं, उजेड टाळणं, १०० च्या वर कल्ले आणि अंगावर काही नसताना मरणं, ही सगळी व्हेलवेटची लक्षणं. तो आधी कल्ल्यांत घुसतो, अंगावर दिसेपर्यंत आतलं बरंचसं काम झालेलं असतं. एकातून २५६ पर्यंत पिल्लं निघतात. उद्याचा विचार करू नका. सगळे मासे आज रात्री बाहेर, कॉपरमध्ये, म्हणजे तांब्याचं औषध घातलेल्या वेगळ्या पाण्यात.

---

खारट_कोथरूडकर | संध्याकाळी ५:४४

कॉपर घरात नाही. ज्या दुकानात मिळतं ते कॅम्पात, आणि आज पालखी पुण्यात. सगळे रस्ते बंद आहेत. ऑनलाइन मागवलं तर सोमवारी.

---

वाकडचा_वेव्हमेकर | संध्याकाळी ५:४९

माझ्याकडे क्युप्रामाइनची (कॉपरच्या औषधाची) अर्धी बाटली आणि कॉपर मोजायचं डिजिटल यंत्र आहे. विद्यापीठ चौकाकडून येणं आज शक्यच नाही, हायवेने चांदणी चौकात उतरतो. सात वाजता कोथरूड डेपोजवळ. निळी स्कूटर, पाठीवर लाल सॅक. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

---

बोंबील_प्रेमी | संध्याकाळी ५:५५

मी काल चेष्टा केली होती, माफ करा. माझ्याकडे नवाकोरा स्पंज फिल्टर आणि एअर पंप पडून आहे. कर्वेनगर. डेपोपर्यंत आणून देतो.

---

पाण्यातला_म्हातारा | संध्याकाळी ६:०५

तोवर तयारी करा. काच हवी असं नाही, जाड प्लास्टिकचा टब चालेल. वाळू नको, दगड नको, दोन्ही कॉपर शोषून घेतात आणि मग आकड्याला अर्थ राहत नाही. लपायला प्लंबिंगचे पीव्हीसी एल्बो टाका. हीटर, हवा, झाकण. पाणी मोठ्या टँकचं घेऊ नका, ताजं मिसळा, खारेपणा आणि तापमान जुळवा.

आकड्यांबद्दल एकदाच सांगतो, कारण यात मासे मारलेले लोक मी पाहिलेत. क्युप्रामाइनचं लक्ष्य लिटरला ०.५ मिलिग्रॅम. चिलेटेड कॉपरचं लक्ष्य २ ते २.५. ही दोन वेगळी औषधं आहेत. एकाचा आकडा दुसऱ्याला लावलात तर मासा मेलाच समजा. ४० लिटरला १ मिली क्युप्रामाइन टाकलं की ०.२५ होतं, ४८ तासांनी तेवढंच पुन्हा. आणि अमोनिया बांधणारं कुठलंही औषध कॉपरसोबत टाकायचं नाही. अमोनिया वाढला तर पाणी बदला, बदललेल्या पाण्यापुरतंच कॉपर घाला.

---

सदाशिव_पेठी | संध्याकाळी ६:१२

श्रिंप मोठ्या टँकमध्येच ठेवा. कॉपरने सर्वांत आधी तोच जाईल.

---

खारट_कोथरूडकर | संध्याकाळी ६:२०

टब सापडला! ६० लिटरचा, आईचा गणपती विसर्जनाचा. "गणपतीआधी परत पाहिजे आणि माशांचा वास आला तर तूच नवीन आणायचा" या अटीवर मिळाला.

---

नीलमासोळी | संध्याकाळी ६:२४

थांबा. त्या टबात कधी अमोनियम बायकार्बोनेट टाकलं होतं का? महापालिका पीओपीची मूर्ती विरघळवायला देते ती पावडर?

---

खारट_कोथरूडकर | संध्याकाळी ६:२६

नाही, आमची शाडूची असते. पण हे माझ्या स्वप्नातही आलं नसतं.

---

शेवाळराव | संध्याकाळी ६:४०

माझा मुद्दा मागे घेतो. माझ्याकडे बहुधा व्हेलवेट नव्हता आणि नशीब होतं. कॉपर टाकण्याआधी गोड्या पाण्याची आंघोळ द्यावी असं वाचलंय, ते बरोबर आहे का?

---

पाण्यातला_म्हातारा | संध्याकाळी ६:५२

बरोबर. इलाज नव्हे, उसंत. आरओचं पाणी, तापमान टबाइतकंच, चिमूटभर खायचा सोडा टाकून पीएच ८ च्या पुढे आणा, भरपूर हवा सोडा. चार-पाच मिनिटं. टँग आडवा पडून मेल्याचं सोंग करेल, घाबरून लगेच काढू नका. पण तोल जाऊन गरगरायला लागला तर काढा. आणि मासा काढल्यावर ते पाणी फेकू नका, तळाला काय आहे ते बघा.

---

खारट_कोथरूडकर | शनिवार, रात्री १:३५

झोप उडाली आहे, म्हणून लिहितो.

वेव्हमेकर आणि बोंबील_प्रेमी दोघे साडेसातला आले. दोघेही टबाला लावायचं ते सगळं लावून मगच गेले. मासे पकडायला सगळे दगड बाहेर काढावे लागले. नऊ महिने रचलेलं वीस मिनिटांत बादल्यांमध्ये.

टँगला पांढऱ्या आइस्क्रीमच्या डब्यात आंघोळ दिली. पहिल्या मिनिटाला आडवा. मी टायमरकडे बघत होतो आणि आई माझ्याकडे. तिसऱ्या मिनिटाला त्याच्या अंगावरून काहीतरी सुटायला लागलं. आधी वाटलं खवले. तळाला बसल्यावर बघितलं तर तीळ. अगदी तिळाएवढे, चपटे, पांढरट, काही जण अजून वळवळत होते. मोजले, अकरा. म्हणजे हे सगळे त्याच्या अंगावर चिकटलेले होते आणि मी चार दिवस रोज तासभर त्याच्याकडे बघत होतो.

आईने पाहिलं आणि म्हणाली, "त्याला खाज सुटत असणार रे." एवढंच.

१.५ मिली कॉपर टाकलं, यंत्र ०.२४ दाखवतंय. क्लाउनचे कल्ले १४० च्या वर आहेत. बाकी ठीक.

---

नीलमासोळी | शनिवार, सकाळी ६:५०

ते फ्लूक, चपटे परजीवी किडे. खाऱ्या पाण्यात पारदर्शक असतात, माशावर असताना दिसत नाहीत. गोड्या पाण्यात पांढरे पडतात आणि सुटतात. कॉपरने ते मरत नाहीत. त्यासाठी प्राझिक्वांटेल, लिटरला २.५ मिलिग्रॅम, आणि सात दिवसांनी पुन्हा, कारण अंड्यांवर त्याचा परिणाम होत नाही. मासे खायला लागेपर्यंत थांबा, आणि देताना हवा दुप्पट करा.

म्हणजे एका माशावर इच, व्हेलवेट आणि फ्लूक. दगडाला अंग घासणं बहुधा फ्लूकमुळे होतं.

---

खारट_कोथरूडकर | शनिवार, सकाळी ९:०५

मोठा क्लाउन पहाटे गेला. दुसरा क्रोमिसही. टँग, धाकटा क्लाउन आणि एक क्रोमिस आहेत. टँगने नोरी चाखली.

---

वाकडचा_वेव्हमेकर | शनिवार, सकाळी ९:२०

वाईट वाटलं. उरलेले सांभाळा. आणि टब मोठ्या टँकपासून तीन मीटर तरी लांब ठेवा, जाळी-बादली वेगळी. बुडबुड्यांतून उडणाऱ्या तुषारांवरूनही व्हेलवेट जाऊ शकतो.

---

गप्पिष्ट_गप्पी | शनिवार, सकाळी १०:३०

मला खाऱ्या पाण्यात यायचंच होतं, हा धागा वाचून दोन वर्षं पुढे ढकललं. अवांतर: समुद्रघोडे मिळतात का हो पुण्यात?

---

सदाशिव_पेठी | शनिवार, सकाळी १०:४१

मिळाले तरी घेऊ नका. २००१ साली ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले, वाघाच्या रांगेत. कठीण प्रवाळही. विकणारा आणि घेणारा दोघेही अडकतात.

---

नीलमासोळी | शनिवार, सकाळी ११:००

सुरुवात करायची तर टाकीत वाढवलेल्या क्लाउनने करा. आपल्याकडे केरळात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनची पैदास बसवून दिली आहे, खासगी हॅचऱ्याही आहेत. समुद्रातून धरलेल्या क्लाउनला ब्रुकलिनेला नावाचा परजीवी रोग फार होतो. अंगावरचा चिकटा सोलून निघाल्यासारखा लोंबतो, एक-दोन दिवसांत संपतो, आणि त्याला कॉपर चालत नाही, फॉर्मॅलिनची आंघोळ लागते. फॉर्मॅलिन घरात हाताळण्याची गोष्ट नव्हे. खिडक्या उघड्या, हातमोजे, मुलं लांब.

---

ओंजळभर_समुद्र | शनिवार, दुपारी १२:१५

क्लोरोक्विनबद्दल कुणी बोललं नाही? मलेरियाचीच गोळी. व्हेलवेटवर चांगली चालते असं ऐकलंय.

---

नीलमासोळी | शनिवार, दुपारी १२:३०

चालते, पण शुद्ध क्लोरोक्विन फॉस्फेटची पूड. माणसांच्या गोळीत इतर भराव असतो आणि वजनाचा हिशोब चुकतो. शिवाय ती चिठ्ठीवरची गोळी आहे, माशासाठी औषधवाल्याशी खोटं बोलू नका. आणि कॉपर जसं यंत्राने मोजता येतं तसं हे घरी मोजता येत नाही. नवख्याने कॉपरच घ्यावं.

---

सदाशिव_पेठी | सोमवार, सकाळी ८:००

सगळं झालं, पण मूळ प्रश्न तसाच राहिला. दुकानात काय बघायचं?

---

पाण्यातला_म्हातारा | सोमवार, रात्री ९:१५

लिहितो. तीस वर्षांत जे चुकत चुकत कळलं तेवढंच.

आधी हे मान्य करा की बरंच काही दुकानात दिसतच नाही, आणि त्यात दुकानदार लबाड असतो असंही नाही. खूप दुकानांत माशांच्या टाक्यांमध्ये थोडं कॉपर चालू असतं आणि खारेपणा १.०१८–१.०२० वर ठेवलेला असतो. मीठही वाचतं, परजीवीही दबलेले राहतात. दबलेले, मेलेले नव्हेत. तुमच्या घरी कॉपर नाही, खारेपणा पूर्ण, त्यात मासा प्रवासाने दमलेला. पाचव्या ते दहाव्या दिवशी सगळं वर येतं. म्हणून विचारा, "पाण्यात कॉपर आहे का, खारेपणा किती?" कोळंब्या आणि ॲनिमोन त्याच पाण्यात जगत असतील तर कॉपर नाही, हे न विचारताही कळतं.

दुसरं, एकटा मासा बघू नका, भिंत बघा. सगळ्या टाक्या एकाच सम्पवर (खालच्या सामाईक टाकीवर) असतील तर तिसऱ्या ओळीतल्या मेलेल्या क्रोमिसचं पाणी तुमच्या टँगकडे आलंय.

मग मासा. समोरून बघा, बाजूने सगळेच सुंदर दिसतात. समोरून डोळ्यांच्या वर, डोक्यामागे खड्डा पडलेला असेल तर तो बरेच दिवस उपाशी आहे आणि तो खड्डा भरून येणं कठीण. पोट आत गेलेलं नुसतं असेल तर भरतं. फाटलेला पर चालतो, वाढतो. धुरकट डोळा एक असेल तर मार बसलेला असू शकतो, दोन्ही असतील तर सोडून द्या. एकच कल्ला चालतोय, दुसरा बंद, तर आत काहीतरी आहे. पांढरी लांब दोरीसारखी विष्ठा दिसली तर आतड्यात परजीवी असतील किंवा नुसताच उपाशी असेल, दोन्ही वाईट.

कोथरूडकरांनी खाताना बघितलं ते चांगलंच केलं. पण टँग मरायच्या आदल्या दिवशीही नोरी खातो. खाण्यापेक्षा मी श्वासाला जास्त महत्त्व देतो. आणि आल्याच्या तिसऱ्या दिवशी मासा घेणं, हे त्यांचं खरं चुकलं. पैसे देऊन ठेवा, "आठ दिवस तुमच्याकडेच राहू दे" म्हणा. जो दुकानदार हो म्हणेल त्याच्याकडेच पुढच्या वेळी जा.

राहिलं थेंबाथेंबाचं. पाऊण तासाच्या वाटेला चालून जातं, पण विमानाने रात्रभर आलेल्या पिशवीला कधीच नको. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडने पीएच उतरलेला असतो, म्हणून साचलेला अमोनिया तेवढा विषारी नसतो. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया माशाला जाळतो. तापमान जुळवायचं, क्वारंटाइनचा खारेपणा पिशवीएवढा आधीच ठेवायचा, आणि मासा सरळ सोडायचा. पिशवीचं पाणी मोरीत.

चूभूद्याघ्या.

---

शेवाळराव | सोमवार, रात्री ९:४०

वाचनखूण साठवली. "एकटा मासा बघू नका, भिंत बघा" हे आवडलं.

---

बोंबील_प्रेमी | सोमवार, रात्री ९:४४

मी मंडईत सुरमई घेताना कल्ले लाल आहेत का, डोळा धुरकट नाही ना, हेच बघतो. म्हणजे मला अर्धं येतंच होतं.

---

पाण्यातला_म्हातारा | सोमवार, रात्री ९:५०

@बोंबील_प्रेमी, फरक एवढाच की तुमचा परत पोहायला लागत नाही, आमचा लागला पाहिजे.

---

खारट_कोथरूडकर | तीन आठवड्यांनंतर, रविवार

हजेरी लावतो. तिघेही आहेत. कॉपर दुसऱ्या डोसनंतर ०.५ वर गेलं, बाटलीवर १४ दिवस लिहिलंय, मी म्हाताऱ्यांचं ऐकून ३० करतोय. पहिले दहा दिवस अमोनियाने जीव खाल्ला, रोज वीस लिटर पाणी. प्राझिक्वांटेलचे दोन्ही डोस झाले. दुसऱ्यानंतर गोड्या पाण्यात पुन्हा बघितलं, एकही तीळ नाही.

मोठा टँक रिकामा आहे. श्रिंप एकटाच फिरतो. त्याला दोन दिवसांनी एक दाणा टाकतो, रात्री तोच पाहुण्यासारखा समोर येऊन बसतो.

---

वाकडचा_वेव्हमेकर | त्याच दिवशी

मोठा टँक माशांविना ठेवायचे ७६ दिवस मोजताय ना? ७५ व्या दिवशी हात शिवशिवतात, स्वानुभव.

---

खारट_कोथरूडकर | सप्टेंबर, गुरुवार, रात्री १०:१०

पालखी आली त्या रात्री टँक रिकामा झाला होता. आज ७६ वा दिवस. परवा अनंत चतुर्दशी. बाहेर ढोल चालू आहेत, खिडकीच्या काचा थरथरतायत, आणि तिघेही मासे परत मोठ्या टँकमध्ये आहेत.

कॉपर संपल्यावर एका ओळखीच्यांची जुनी अडीच फुटी काच मिळाली, ऑगस्टपासून तिथेच होते. टब आईला गौरींच्या आधी धुऊन दिला. तिने वास घेतला आणि काही न बोलता नवीन आणला. जुना आता कायमचा माझा, मार्करने "मासे" लिहून माळ्यावर.

सदाशिव_पेठी, चार फुटांचं तुमचं बरोबर होतं. टँगसाठी सहा फुटी टँकवाला एक जण शोधून ठेवलाय, दिवाळीपर्यंत जाईल. त्याने क्वारंटाइन किती दिवस करणार ते मी आधी विचारून घेतलं.

धाकट्या क्लाउनचे कल्ले आत्ता मोजले. ७२.

---

बोंबील_प्रेमी | रात्री १०:१४

माझा एअर पंप?

---

खारट_कोथरूडकर | रात्री १०:१५

उद्या आणून देतो. कर्वे रस्ता चालू असेल तर.